तीन पिंपं काळा कचरा

दर शनिवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. ॲल्युमिनियमचा कीस नेतो, पुठ्ठा नेतो, रिकामे डबे नेतो. शेडच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली तीन निळी पिंपं मात्र तो ढुंकून बघत नाही. एकदा मी झाकण काढून आतला एक तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने वाकवून पाहिला, नखाने खरवडला, चावून बघायचाच काय तो बाकी ठेवला, आणि परत देत म्हणाला, "साहेब, आ काम नुं नथी." बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ज्या मालाला भंगारवाला नाही म्हणतो, त्याला जगात गिऱ्हाईक नाही असं समजायचं.

पिंपांत होतं कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांचं कापड, आणि ते रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून साच्यात घट्ट केलेला माल. आम्ही पॅकेजिंग मशीनचे हलके रोलर, ड्रोनचे सांगाडे आणि मागणी आली तर एखाद्या मशीनचं झाकण असं काय काय बनवतो. कापडाच्या रोलमधून आकार कापले की दहा किलोंतले तीन किलो कात्रीखालीच राहतात. माल साच्यातून निघाल्यावर कडा कापायच्या, त्यातून आणखी पट्ट्या. चार वर्षांत तीन पिंपं भरली. फेकायला जीव होत नव्हता, कारण आत काय आहे आणि त्याला काय मोल पडतं ते मला ठाऊक होतं.

माझे वडील जवाहरनगरला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत होते. तिथे ॲक्रिलिकचा धागा व्हायचा, आणि आमच्या आईने त्या लोकरीचे इतके स्वेटर विणले की बडोद्याच्या थंडीला ते सगळे घालायची संधीच मिळाली नाही. कार्बनचा धागा याच जातीच्या ॲक्रिलिकमधून निघतो. आधी 200 ते 300 अंशांवर हवेत भाजतात, मग नायट्रोजनमध्ये 1000 अंशांच्या वर नेतात. त्यात निम्मं वजन वायू होऊन उडून जातं. म्हणजे दोन किलो धाग्याचा एक किलो उरतो, त्यासाठी भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या ठेवायच्या, आणि आम्ही त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पिंपात टाकायचा. हिशेब कुणालाही पटला नसता.

कार्बन परत मिळवायचा म्हणजे त्याला धरून बसलेलं रेझिन काढायचं. इथेच सगळी गोम आहे. प्लॅस्टिकची बादली वितळवून दुसरी बादली करता येते. आमचं रेझिन म्हणजे इपॉक्सी, ते तसं वितळत नाही. हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारं रसायन, मिसळून एकदा आवळलं की आवळलं. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. तापवलं तर ते मऊ पडेल, मग कोळपेल, जळेल, पण पुन्हा डब्यात भरण्यासारखं पातळ होणार नाही.

माझी भाची कलाभवनात एम.ई. करते. नाव आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा असं लांबलचक आहे, पण 1890 साली सयाजीरावांनी काढलेल्या त्या संस्थेला आमच्या घरात अजून कलाभवनच म्हणतात. तिला प्रकल्पासाठी विषय हवा होता आणि मला पिंपं रिकामी करायची होती. दिवाळीच्या फराळाला आली असताना मी तिला पट्ट्यांची पिशवी दाखवली. ती म्हणाली, "मामा, यात नक्की काय काय आहे ते आधी सांग."

मला सांगता येईना.

चार वर्षं ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने पिंपात टाकलं होतं. कोरडी कात्रणं, मुदत संपलेलं प्रीप्रेग (आधीच रेझिन मुरवून आलेलं कापड), खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या रेझिनच्या पट्ट्या, ओव्हनमध्ये पिकवलेल्या रोलरच्या नळ्यांचे तुकडे, मधूनच पांढरं काचेचं कापड आणि केव्हलार नावाच्या चिवट कृत्रिम धाग्याचं पिवळं कापड. आमचे जुने कारागीर, ज्यांना सगळी शेड काका म्हणते, ते आणि मी असे दोघं चार रविवार निवडत बसलो. काकांची पद्धत सोपी. टोकाला गॅसचा टॉर्च लावायचा. रेझिन धूर सोडत जळून जातं. मागे पांढरे धागे राहिले तर काच, पिवळे धागे काळे पडून कोळपत गेले तर केव्हलार, काळ्याचे काळेच आणि शाबूत राहिले तर कार्बन. हे काम दार उघडं ठेवून आणि मास्क लावूनच करायचं. काचेने हात खाजतात. कार्बनची तऱ्हा वेगळी, त्याची कुसळं कातडीत शिरून मोडतात आणि काळ्या ठिपक्यासारखी आठवडाभर दिसत राहतात.

कोरडी कात्रणं बाजूला निघाली, त्यांना काहीच करायची गरज नव्हती. उरलेल्या कडक मालाचे भाचीने दोन ढीग करायला लावले, रोलरच्या नळ्या वेगळ्या आणि हाताने थापलेल्या मालाच्या पट्ट्या वेगळ्या. मी म्हटलं, दोन्ही इपॉक्सीच की. ती म्हणाली, "हार्डनर वेगळा आहे ना पण."

ते काय आहे ते पुढच्या महिन्यात कळलं. तिने एका काचेच्या चंबूत बेंझिल अल्कोहोल घेतलं, त्यात थोडं ट्रायपोटॅशियम फॉस्फेट, आणि तापमान 190 अंश. दाब नाही, ॲसिड नाही. एका चंबूत नळीचे तुकडे, दुसऱ्यात पट्टीचे. सकाळी सुरू केलं. दुपारी पहिल्या चंबूतलं द्रावण फिक्या चहासारखं होतं, संध्याकाळी टपरीवरच्या उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं. चिमट्याने तुकडा उचलला तर तो उचललाच गेला नाही, ओल्या केसांच्या बटेसारखा सुटून लोंबायला लागला. दुसऱ्या चंबूतली पट्टी जशीच्या तशी. काढून टेबलावर आपटली तर टणत्कार.

कारण असं की आम्ही नळ्यांना अनहायड्राइड जातीचा हार्डनर वापरतो. त्याने इपॉक्सीत एस्टरचे बंध तयार होतात, आणि अल्कोहोल त्या बंधांत शिरून ते सोडवतं. थापलेल्या मालाला अमाइन हार्डनर असतो. त्यात एस्टर नसतातच, मग अल्कोहोल सोडवणार काय? वीस वर्षं दोन्ही डबे माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. एकाला ओव्हन लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, याच्या पलीकडे मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

अल्कोहोलच्या रस्त्याने निघालेला धागा सुंदर होता. चमक शाबूत, लांबी शाबूत. पण तो ॲसिटोनने धुवायचा, तांबडं द्रावण ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचं, आणि शेवटी जो चिकट गाळ उरतो तो धोकादायक कचरा म्हणून नियमाने रवाना करायचा. काका म्हणाले, "दादा, काळा कचरा गेला आणि तांबडा आला." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. शिवाय पिंपांत नळ्या होत्या पाचवा हिस्सा. बाकीच्याला भट्टीच.

भट्टीची कल्पना सरळ आहे. हवा नसलेल्या डब्यात माल 500 अंशांपर्यंत तापवायचा. प्राणवायू नाही म्हणून जळत काही नाही, रेझिनचे मात्र तुकडे पडून वायू आणि तेल होऊन बाहेर निघतं. थोडा कोळसा धाग्यावर बसून राहतो. मग मोजून थोडी हवा आत सोडायची आणि तो कोळसा जाळायचा. आम्ही एका फॅब्रिकेटरकडून स्टीलचा आठ लिटरचा डबा करून घेतला. झाकणाला नायट्रोजनची नळी, दुसऱ्या टोकाला वायू बाहेर काढणारी नळी, ती पाण्याच्या बाटलीतून पुढे बर्नरवर. डबा आमच्या जुन्या मफल भट्टीत बसत होता.

पहिल्या खेपेला बाहेरची नळी अर्ध्या इंचाची घेतली, ही माझी कंजुषी. इपॉक्सीचं तेल गार नळीत आलं की डांबरासारखं जमतं. तासाभरात नळी तुंबली, आत दाब वाढला आणि झाकण एका बाजूने उचकटलं. धूर शेडभर. वास फिनाइलचा आणि जुन्या सरकारी दवाखान्याच्या मोरीचा, तंतोतंत. भाचीने नंतर सांगितलं की तो खरंच फिनॉलचा होता. शेजारचे बेअरिंगवाले धावत आले, "शुं थयुं?" म्हणत. त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी दीड इंची नळी आणली. ती भट्टीच्या बाहेरही गरम राहावी म्हणून तिला ग्लासवूल गुंडाळलं.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं आणि माझा धीर सुटला. 600 ग्रॅम पट्ट्या घातल्या होत्या. आम्ही माल थापताना कापड आणि रेझिन तोलून लिहून ठेवतो, त्यामुळे आत निम्मं, म्हणजे 300 ग्रॅम कार्बन असणार हे माहीत होतं. भट्टी बंद करून दोन तास झाले होते. आकडा 450 दाखवत होता. मी म्हटलं, बघू या जरा, आणि नायट्रोजन बंद करून झाकण सरकवलं. क्षणभर काही नाही. मग एका कोपऱ्यात निखाऱ्यासारखी लाल रेघ उमटली आणि शेकोटीतल्या शेणीवर पसरते तशी सावकाश पसरत गेली. ज्वाला नाही, आवाज नाही. झाकण परत घालून नायट्रोजन सोडेपर्यंत व्हायचं ते झालं. गार झाल्यावर तोललं, 170 ग्रॅम. 130 ग्रॅम कार्बन मी माझ्या उतावळेपणाने धुरात घालवला. तेव्हापासून नियम, नायट्रोजन 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय बंद करायचा नाही, आणि त्या दिवशी मला भट्टीजवळ जास्त फिरकू द्यायचं नाही. हा दुसरा नियम काकांचा. शिवाय नायट्रोजन चालू असताना शेडचं शटर उघडंच हवं, कारण त्याला वास नसतो आणि माणूस गुदमरतोय हे माणसालाच कळत नाही.

तिसऱ्या खेपेपासून आकडे बोलायला लागले. नायट्रोजनचा टप्पा संपला की 600 चे 335 व्हायचे. त्यातले वरचे 35 म्हणजे कोळसा. पट्टी हातात घेतली तर पापडासारखी ताठ. मग 500 अंशांवर वीस मिनिटं हवा सोडली की 302, आणि पट्टी मऊ. आणखी वीस मिनिटं ठेवली तर 281. पण 300 ग्रॅमच्या खाली जे काही जातं तो कोळसा नसतो, तो आपला कार्बनच असतो. तराजू हाच आमचा तपासनीस.

त्या 302 ग्रॅमवाल्या पट्ट्यांपैकी एक मी खिडकीत नेऊन पाहिली. आमची पट्टी सहा थरांची असते. रेझिन गेल्यावर ते सहा थर जुन्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते, आणि प्रत्येक थरावर ट्विलची तिरकी वीण जशीच्या तशी. एकही धागा हललेला नाही. चार वर्षांपूर्वी मीच कात्रीने कापलेलं कापड मला परत मिळालं होतं. मी एक थर उचलायला गेलो आणि कडेचे धागे बोटाला चिकटून आले. कारखान्यातून येताना धाग्यावर एक पातळ लेप असतो, तो धाग्यांना एकत्र धरतो आणि रेझिनशी सूत जमवतो. तो भट्टीत जळून गेलेला. थर खाली ठेवला, वर अगदी पातळ केलेलं रेझिन फवारलं आणि मग उचलला, तेव्हा तो कापडासारखा वागला.

इथे माझं डोकं फिरलं ते आधीच्या मालावर. भट्टीत जास्त माल मावावा म्हणून आम्ही पहिल्या दोन पिंपांतल्या कितीतरी पट्ट्यांचे अंगठ्याएवढे तुकडे करून ठेवले होते. त्यांतून निघाला तो पिंजलेला कापूस. धागा तोच, ताकद तीच, पण दिशा हरवलेली. उदबत्तीचा पुडा आठवा. काड्या एका दिशेने असतात म्हणून एवढ्याशा पुड्यात पन्नास बसतात. त्याच काड्या मुठीने कशाही टाकल्या तर पंधरासुद्धा बसणार नाहीत. कार्बनचं तसंच. सरळ धाग्यांच्या मालात आकारमानाचा 50-60 टक्के भाग कार्बनचा असू शकतो. विस्कटलेल्या धाग्यांत दाबून दाबून तिशीच्या आसपास, आणि जो आहे त्यातलाही थोडाच भाराच्या दिशेने. जगभर भट्टीतून धागा काढणारे कारखाने आहेत. बोइंगने 2018 साली आपला कचरा एका ब्रिटिश कारखान्याला द्यायचा करार केला. ब्रिस्टल विद्यापीठात आखूड धागे पाण्याच्या धारेने पुन्हा एका दिशेला लावायचं यंत्र केलंय. म्हणजे जी शिस्त आम्ही करवतीने मोडली, ती परत आणायला लोक यंत्रं बांधतायत.

धाग्याची ताकद खरंच तीच आहे का, हे बघायला भाचीने घरी कार्यशाळा मांडली. दांडिया बाजारातलं घर, मे महिना, आणि पंखा बंद. कारण धागा 7 मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि पंख्याच्या वाऱ्याने तो कुठे जाईल ते देवालाही सापडणार नाही. जाड कागदाची छोटी चौकट कापायची, मधल्या खिडकीची लांबी 25 मिलिमीटर. पांढऱ्या कागदावर एक धागा चिमट्याने आडवा ठेवायचा आणि दोन्ही टोकांना डिंकाचा थेंब. चौकट यंत्रात अडकवली की तिच्या दोन्ही बाजू कात्रीने कापायच्या, म्हणजे ओढ फक्त त्या एका धाग्यावर येते. शंभर चौकटी केल्या, यंत्रापर्यंत साठ पोचल्या, बाजू कापताना आणखी वीस गेल्या. आई म्हणाली, यापेक्षा शेवया करणं सोपं.

नवीन धागा 13-14 ग्रॅमला तुटतो. दहा रुपयांच्या दोन नाण्यांच्या वजनाहून थोडं कमी. आमच्या वीस मिनिटांच्या खेपेतला 11-12 ला तुटला. चाळीस मिनिटांचा 8 लाच. मी घाई केलेल्या त्या लाल रेघेतला धागा चौकटीला चिकटवतानाच मोडत होता, त्याचा आकडाच मिळाला नाही.

पिंजलेल्या मालाने मात्र आणखी एकदा हिसका दाखवला. तो पिशवीत भरताना हवेत उडाला आणि भट्टीच्या कंट्रोलरच्या जाळीतून आत गेला. कार्बनमधून वीज वाहते हे मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत असतो. फट् आवाज, कंट्रोलर ठार. वायरमनने पॅनेल उघडलं तेव्हा टर्मिनलांवर काळी लव होती. तेव्हापासून तो माल आधी पाण्याने ओला करतो आणि मगच हात लावतो, पॅनेलही भिंतीच्या पलीकडे नेलं.

त्या पिंजलेल्या मालाचं काय करायचं, यावरही बरीच डोकेफोड झाली. नायलॉनमध्ये मिसळायला दिला तर मशीनच्या हॉपरमधून खालीच पडेना, गोळा होऊन अडकून बसला. शेवटी कागद बनवतात तसं केलं. पाण्यात थोडा घट्टपणा आणणारी सीएमसीची पूड, त्यात धागे ढवळायचे, चाळणीवर पसरायचे, पाणी गाळायचं. पहिली चटई कुरडईच्या चिकासारखी गुठळ्यांची झाली. पंधरावीला जमली. त्या चटयांच्या आम्ही आता झाकणं आणि ट्रे करतो. फार ताकदीचं काम नाही, पण सर्किट बोर्ड ठेवायचे ट्रे म्हणून ते चालतात, कारण स्थिर वीज साठून राहत नाही.

पैशाचं विचाराल तर एका नायट्रोजन सिलिंडरमध्ये सहा खेपा होतात, म्हणजे जेमतेम 1800 ग्रॅम कार्बन. सिलिंडर, वीज आणि दिवसभर राखण करणारा माणूस धरला तर नवा धागा स्वस्त पडेल. मोठ्या कारखान्यात पट्ट्यावरून माल अखंड सरकत राहतो आणि रेझिनचा वायूच भट्टीला इंधन म्हणून वापरतात, तेव्हा कुठे गणित जुळतं. आमच्यासारख्याने भट्टी टाकू नये, असं माझं मत झालंय. करण्यासारखं जे आहे ते कात्रीपाशी आहे. आता शेडमध्ये चार डबे आहेत. कोरडं, अनहायड्राइड, अमाइन, आणि मुदत संपलेलं. प्रत्येक पट्टीवर पांढऱ्या पेनने हार्डनरचं नाव. पट्टी लांबच ठेवायची, तुकडे करायचे नाहीत. काकांनी त्यासाठी आकार कापायची मांडणीच बदलली आणि दहा किलोंतला कचरा तीनवरून दोनावर आणला. सगळ्या भट्ट्यांनी मिळून तेवढं वाचवलं नसेल.

दोन पिंपं रिकामी झाली. तिसऱ्यात काच, कार्बन आणि केव्हलार एकाच लॅमिनेटमध्ये थापलेला माल आहे, त्याचं काही करता आलं नाही. काच भट्टीत ठिसूळ होते आणि केव्हलार जळतं. दुपारी काका त्याच पिंपाच्या झाकणावर बसून सेव-उसळ खातात.

गेल्या शनिवारी भंगारवाल्याने भट्टीचा तो पहिला, झाकण वाकडं झालेला स्टीलचा डबा बघितला. ठोकून पाहिला, तोलला, आणि एक शब्दही न बोलता पैसे मोजले.